वाडग्यातला पाक

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं तेव्हा आमच्या कॉलेजात कोण राहणार आणि कोण घरी जाणार, हे ठरत होतं. मी नवा प्राध्यापक, त्यामुळे संशय घेणं मला कर्तव्यच वाटे. माझा पहिला संशयित होता प्रयोगशाळेतला म्हातारा शिपाई. साखर रेशनवर, आणि याच्या खाकी कोटाच्या खिशाला मुंग्या! शिवाय बाड्यावरच्या, म्हणजे शहरातल्या मोठ्या चौकातल्या टपरीवर चहा मात्र फिका प्यायचा. काही विचारलं की म्हणायचा, “होऊन जाईल, साहेब.”

एका दुपारी त्याला काढून टाकण्याचा अर्ज लिहून मी थेट मागच्या खोलीत शिरलो. टेबलावर वाडगाभर पाक होता. अर्ज खाली ठेवून पुराव्यासाठी मी बोट बुडवून चाटलं.

“चोरीची साखर!” मी गरजलो.

“घरच्या रेशनची आहे, साहेब. त्यात कोंबडीची कातडी भिजत घातलीय.”

सात पिढ्यांचा शाकाहारी मी, नळाकडे धावलो. चूळ भरत असताना मागून त्याचं शांतपणे चालूच होतं.

“ग्लिसरीनच्या मागणीचा कागद जुन्या सरकारकडे पाठवायचा की नव्या, यातच अडकलाय. पोरांना नमुना तर दाखवायचाय, म्हणून त्याऐवजी साखर. कातडीतले तंतू उजेडाला जास्त वाकवतात, पाणी कमी; त्यांचं जमत नाही, म्हणून उजेड विखुरतो आणि ती पांढरी दिसते. पाण्यात साखर मुरली की फरक मिटतो, उजेड आरपार जातो. बघा तर खरं.”

त्याने कातडी माझ्या अर्जावरच पसरली होती. तिच्यातून स्वच्छ वाचता येत होतं: ‘सदर इसम चोर असून त्यास कमी करावे.’

“अक्षर छान आहे, साहेब.”

पाकाने चिकटलेला तो अर्ज कुणाला देणार? त्याची नोकरी राहिली. पण खोलीत इतके कोरे कागद असताना त्याने नेमका तोच का निवडला, हा संशय मला अजून आहे.