दर तिसरी ओळ

सोलापूरहून पॅसेंजर बारा मिनिटे उशिरा सुटली. खिशात यमुनेचे कार्ड होते: "दादा, शाळू पिवळा पडतोय. येऊन बघ." एवढेच. यमुना माझी धाकटी बहीण. केमला तिच्या चार एकर काळ्या जमिनीत शाळू (रब्बीची ज्वारी) आहे. पेरणीच्या वेळी मीच तिला सांगितले होते, एकरी चार किलोऐवजी आठ किलो बी टाक. ताटे दुप्पट, कणसे दुप्पट. शुक्रवार पेठेतल्या घरी कागदावर केलेला तो गुणाकार मला बिनचूक वाटला होता.

कुर्डुवाडीनंतर एका रानात शाळू इतका विरळ दिसला की मधून पलीकडचा बांध दिसत होता. कुणा चिकटाने पेरलेय, असे मनात आले.

केमला उतरून दोन मैल चालत थेट रानातच गेलो. यमुनेने पाणीही विचारले नाही. "हितं बघ आधी," ती म्हणाली.

खालची पाने पिवळी, वरची सुरळी झालेली. जमिनीला भेगा. मी फूटपट्टी काढली. रुंदी पाऊण इंच. खोली मोजायला पट्टी उभी सोडली, तर ती बोटांतून निसटून आतच गेली.

"घ्या, पट्टीबी गिळली रानानं," दाजी, यमुनेचे यजमान, म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या रानातून गोदाकाकू आल्या. वय सत्तरीचे, हातात खुरपे. "कुणी सांगितलं हो एवढं दाट पेराया?"

दाजी बांधाकडे पाहू लागले. "मी," मी म्हणालो.

"तुमी व्हय! पावणं, सोलापुरात नळ हाय. हितं पावसानं रांजण एकदाच भरतोय. पिणारी वाढवली म्हणून पाणी वाढतंय व्हय?"

त्यांनी खुरप्याने खणले. वीतभर माती कोरडी. कोपरापर्यंत हात घातल्यावर माझ्या बोटांना गार लागले.

"ओल हाय, पण एवढ्यांना पुरायची न्हाय. दर तिसरी ओळ काढा. मुळासकट, न्हायतर फुटवं येत्यात. वाळवून मगच जनावरांना घाला, कोवळ्या ताटाला इख असतंय. आन लगेच कोळपं धरा."

"तण न्हाय, मग कोळपायचं कशाला?" दाजींनी विचारले.

"तणासाठी न्हवं. भेगा बुजवाया. त्यातनंच ओल उडती की."

"पोसलेलं उपटायचं?" यमुना म्हणाली. "आन एवढं करून न्हाय आलं तर?"

गोदाकाकूंनी खुरपे तिच्यापुढे धरले. तिने ते माझ्या हातात दिले. "पहिलं ताट तू काढ, दादा."

मी काढले. मुळांना चिकटलेली माती राखेसारखी झडली.

दुपारी बांधावर भाकरी आणि हुलग्याचे माडगे (कुळथाच्या पिठाची कढत पेज) होते. रजा दोनच दिवसांची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दीड एकर विरळ झाले, अडीच उरले. बैलांनी ओढलेल्या कोळप्यामागून चालताना मी बुजलेली प्रत्येक भेग पायाने दाबून पाहत होतो.

परतीच्या गाडीत कुर्डुवाडीच्या अलीकडे दारात उभा राहिलो. इतर रानांत पाने मिटली होती. येताना पाहिलेल्या त्या विरळ रानात ती रुंद, गर्द हिरवी पसरलेली होती. ते रान मागे जाईपर्यंत मी पाहत राहिलो.

घरी पत्नीने विचारले, "येईल का हो पीक?"

प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे एखादा आकडा असतो. या वेळी नव्हता. "दीड एकर झालंय," एवढेच म्हणालो, आणि उरलेल्या अडीच एकरांसाठी रजेचा दुसरा अर्ज लिहायला बसलो.