आधी किती होते?

शिक्षकाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. कोटावर खडूची भुकटी बसते तसे ते आपोआप बसतात! नागपूरच्या शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण माझे निम्मे किस्से एकाच धड्याचे आहेत. इयत्ता सातवी, शेकडा वाढ आणि घट.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी टेंपररी होतो. महिनाभरात इन्स्पेक्शन होतं आणि हेडसरांनी मला बोलावून सांगून टाकलं, "साहेब सातवीले टक्केच विचारतात. पोरं चुकले, तर कायम व्हाचं विसरा."

त्या दिवसापासून मी ताटावरून अर्धपोटीच उठू लागलो.

*

पहिल्याच तासाला मी कोहळ्याचा वेल घेतला. आधी एक हात होता, आता चार हात झाला. वाढ किती? तीनशे टक्के!

मग मागच्या बाकावरचा नामदेव उठला. "सर, शंभराच्या वर टक्के?"

"हो. का?"

"मंग त्या वेलानं कॉपी केली असन!"

सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं असतं, पण मला साहेब दिसत होते.

*

दुसऱ्या आठवड्यात हजेरीचं गणित घेतलं. काल चाळीस हजर, आज पन्नास. वाढ पंचवीस टक्के. उद्या ते दहा पुन्हा घरी राहिले, तर घट किती? वीस टक्के!

नामदेव उठलाच. "तेच दहा पोरं ना सर? आले तवा पंचवीस, गेले तवा वीस. पाच टक्के कुठी गेले?"

एक जण तर खरोखर बाकाखाली वाकून पाहू लागला. मी फळ्यावर दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा माझंच चुकलं. त्या तासानंतर मी सरळ एक वाक्य पाठ करून घ्यायला सुरुवात केली. काहीही वाढो की घटो, पहिला प्रश्न एकच, "आधी किती होते?" भागायचं त्यानंच.

*

साहेब यायच्या चार दिवस आधी हेडसरांनी रंगीत तालीम घेतली. स्वतःच साहेब झाले, माझ्या खुर्चीत बसले आणि गरजले, "तीसचे साठ झाले. वाढ?"

"पंचवीस टक्के!" सगळा वर्ग एका सुरात.

"दहाचे पाच झाले. घट?"

"पंचवीस टक्के!"

हेडसर खुर्चीतून उठले. जाता जाता म्हणाले, "मास्तर, दुसरीकडं अर्ज गिर्ज केला का?"

घरी येऊन मी खरंच अर्ज लिहायला घेतला.

*

आमची शाळा तोवर मुलांचीच. त्या वर्षी पहिल्यांदाच सातवीत एक मुलगी आली होती, कमल. दाराजवळच्या बाकावर एकटी बसायची. तोंडातून शब्द नाही. तिला काही समजतं की नाही, याचाही मला घोर होता.

एका दुपारी तिची आई शाळेत आली. मला वाटलं, शाळेतून पोरीचं नाव काढायला आली.

"गुरुजी, काय शिकवून राहिले गा पोरीले? मी भात रांधाले बसली का हे विचारते, आधी किती होतं? मी म्हटलं, तुले काय करा लागते वं? तर म्हणते, त्याच्याबिगर काही सांगताच येत नाही."

महिन्याभरात मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

*

साहेब आले. हातात शेरेबुक. वर्गावर नजर फिरवली आणि कमलपाशी थांबली.

"अरे वा! गेल्या वर्षी सातवीत मुली किती?"

"एकही नाही साहेब," हेडसर म्हणाले.

"आणि यंदा एक. म्हणजे शंभर टक्के वाढ!" म्हणत साहेबांनी लिहूनही टाकलं.

चुकलं, हे मला कळत होतं. पण माझं कायम होणं त्याच पेनात होतं. मी खाली बघितलं. भित्रा होतो, दुसरं काय!

दाराजवळचा बाक वाजला. कमल उभी होती.

"साहेब, आधी कोणीच नोतं. मंग कायनं भागाचं?"

हेडसरांचा चेहरा पांढरा पडला. साहेबांचं पेन थांबलं. "मास्तर, हे तुम्ही शिकवलं?"

शून्याची भानगड मी भीतीपोटी घेतलीच नव्हती. "नाही साहेब."

"शिकवलं ना!" कमल म्हणाली. "रोजच तर विचारतात, आधी किती होते?"

साहेब तिच्या बाकापाशी गेले. तिला नाव विचारलं, वाकून काहीतरी लिहिलं आणि पुढच्या वर्गात गेले.

कायम झाल्याचा कागद दोन महिन्यांनी आला. त्या दिवशी हेडसरांनी मला शेरेबुक उघडून दाखवलं. 'शंभर टक्के' खोडलेलं होतं. त्याच्या वर साहेबांच्या अक्षरात होतं, 'गेल्या वर्षी कोणी नाही. यंदा कमल.'