चिकूच्या काट्यावर कुमुद

मी एकदा माझ्या मैत्रिणीला चिकूच्या काट्यावर तोललं. नुसतं तोललं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी तिचं वजन ओरडून सांगितलं, आणि दीडशे पोरांनी ते माझ्यामागून पाढ्यासारखं म्हटलं.

झालं असं, की झाई गावाच्या वाटेवरच्या एका शाळेत आम्ही दोघी शिकवायला होतो, मी आणि कुमुद. त्या दिवशी मुलांची आरोग्य तपासणी होती. डॉक्टर आले, पण वजनाचा काटा आणायचा राहिला. मी तेव्हा पन्नाशीच्या जवळ आलेली, अंगाने सुक्या बोंबलासारखी, आणि अक्कल त्याहून सुकलेली. गॅदरिंगला माझ्या नकलांना टाळ्या पडत, म्हणून स्वतःला फार विनोदी समजायचे. मी म्हटलं, काट्याचं काय एवढं, शेजारच्या चिकूच्या वखारीत आहे की. मग करंड्या तोलायचा तो लोखंडी काटा दोन माणसांनी उचलून शाळेच्या अंगणात आणून ठेवला.

वखारीत तोलायची एक रीत असते. तोलणारा आकडा मोठ्याने पुकारतो आणि लिहिणारा तो तसाच परत म्हणतो, म्हणजे चूक होत नाही. काट्याबरोबर मी ती रीतही उचलून आणली. मी पुकारायचं, पोरांनी परत म्हणायचं. "एकवीस." "एकवीस." "अठरा." "अठरा." पोरं जाम खूश. मुलं संपली तशी मी शिक्षकांना बोलावलं. गुरुजी लोक हसत हसत चढले, उतरले. कुमुद मागे वही धरून उभी होती.

"कुमुदबाई, या. तुम्हाला कोण सोडतंय."

"माझं राहू दे, शालू. मी वर्गावर जाते."

मी तिचं मनगट धरून ओढलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती चढली. काटा हलला, थांबला, आणि मी अस्सल वखारीतल्या आवाजात पुकारलं, "सत्त्याण्णव. एक नंबर माल."

दीडशे गळ्यांतून परत आलं, "सत्त्याण्णव. एक नंबर माल."

कुमुद हसली. सगळ्यांच्या आधी हसली, हे मी शपथेवर सांगते. मग खाली उतरली, पदर सारखा केला आणि वही उघडून म्हणाली, "पुढे कोण?" पुढे कोणीच नव्हतं.

संध्याकाळी डहाणूच्या एसटीत मी तिला विचारलं, "रागावलीस काय ग?" ती खिडकीतून बोर्डीची सुरूची झाडं बघत होती. म्हणाली, "जवा दे." तिचं माहेर हद्दीपलीकडचं, उंबरगावचं, त्यामुळे 'जाऊ दे' तिच्या तोंडी गुजरातीतूनच येई. मी ते माफी म्हणून घेऊन टाकलं. न मागता माफी मिळाली की माणूस सुधारत नाही, उलट जास्तच सोकावतो. मी तर घरी जाऊन नवऱ्याला तो किस्सा नक्कल करून दाखवला.

कुमुद उंच होती आणि रुंद होती. आवाज मात्र इतका बारीक, की फोनवर लोक विचारत, "बाळ, आई आहे का घरात?" नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी सुरतेला दिलेली. एसटीत ती नेहमी कंडक्टरच्या पाठच्या एकट्या सीटवर बसे. ती सीट भरलेली असली तर डहाणू येईपर्यंत उभी राही. मी शेजारी सरकून जागा करायचे. ती म्हणायची, "तू सरकतेस ते सगळ्या गाडीला दिसतं. बस तू."

तिच्या डब्यात नागलीची एक भाकरी आणि कसलीतरी भाजी असे. माझ्या डब्यात काय नसे? तळलेली कोलंबी, भात, वर लाडू. तरी मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डोळे तिच्या डब्यावर. एकदा ती म्हणाली, "मी पापड खाल्ला तरी लोकांना त्यात पुरणपोळी दिसते. माझी आई अशी, माझी आजी अशी. आमच्या घरच्या बाया पहिल्या बाळंतपणात फुगतात त्या करंजीसारख्या फुगलेल्याच राहतात. कोणाकोणाला सांगत बसू?"

काट्याच्या त्या प्रकारानंतरच्या सत्रात पुन्हा उंची-वजनाचे तक्ते भरायचे आले. या वेळी सरकारी काटा वेळेवर आला होता. कुमुदने तो उचलून खिचडीच्या खोलीमागच्या सामानघरात नेला आणि दाराला गोणपाट लावलं. एकेक पोर आत बोलवायची, वजन बघायची, वहीत लिहायची आणि वही मिटायची. बाहेर आलेल्याला बाकीच्यांनी विचारलं, "किती भरलं रे?" तर आतून बारीक आवाज येई, "ते त्याचं आहे. प्रसाद आहे काय, गावाला वाटायला?"

मला तेव्हा हसू आलं होतं. म्हटलं, कुमुद, पोरांची कसली आलीय लाज? ती म्हणाली, "पोरांनाच असते. मोठ्यांना हसून दाखवता येतं." त्या वाक्याशी मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. चहा घ्यायला गेले.

आमच्या भागात वजन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हाडं दिसणारं पोर येतं. आमची नजरच तशी घडलेली. गुबगुबीत मूल दिसलं की आम्ही त्याचा गालगुच्चा घ्यायचो आणि पुढे जायचो. कुमुद पुढे जात नसे. तिच्या वर्गात सुनीता नावाची एक मुलगी होती, वाडीवर काम करणाऱ्या माणसाची. सकाळी आईबाप कामाला जाताना हातावर चार पैसे टेकवत, आणि पोरगी नाक्यावरच्या टपरीतून तिखटमिठाची रंगीत पाकिटं घेऊन दिवसभर तीच खाई. धाकटा भाऊ काडीसारखा, ही फुगत चाललेली. पोरं तिला भोपळी म्हणत. तपासणीला आलेल्या साहेबांना कुमुदने सांगितलं, या पोरीकडेही बघा. साहेब म्हणाले, "बाई, फॉर्मात कमी वजनाचा रकाना आहे. जास्तीचा नाही."

"रकाना नाही म्हणून पोरगी नाही काय?" कुमुद म्हणाली. मग पट्टी घेऊन तिने तक्त्याच्या कडेला स्वतःच एक रकाना आखला. साहेबांनी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखा सही करून गेले.

टपरीवाल्या मंगूभाईंकडे ती स्वतः गेली. मला वाटलं आता भांडण होणार, म्हणून मी उत्साहाने मागोमाग. भांडण कुठलं. ती म्हणाली, "मंगूभाई, पाकिटं विका, तुमचं पोट आहे. पण ही पुढे तोरणासारखी टांगता ती मागे ठेवा. मागितलं तर द्या. आणि पुढे ताडगोळे ठेवा, चिकू ठेवा, उकडलेल्या शेंगा ठेवा. पुढे दिसलं तर मला पण सोडवत नाही, ती तर पोरं आहेत." मंगूभाईंनी डोकं खाजवलं, दोन दिवस टाळलं, आणि तिसऱ्या दिवशी तोरण मागे गेलं. का, ते त्यांनाच ठाऊक. बहुधा तिने स्वतःला त्यात घेतलं म्हणून. मी गेले असते तर मंगूभाईंना आणखी एक तोरण लावायला लावून आले असते.

आणि लगोरी. शाळा सुटायच्या आधी अर्धा तास ती सगळ्या वर्गाला बाहेर काढी, कोणी बाकावर बसायचं नाही. "धावता येत नाही त्याने चेंडू मारायचा. चेंडू मारता येत नाही त्याने लगोरी रचायची. रिकामं कोणी नाही." ती स्वतः चेंडू मारायची, आणि नेम असा की सातही चिपा एका फटक्यात. सुनीताला तिने लगोरी रचायला बसवलं. पोरगी वाकत होती, उठत होती, धापा टाकत हसत होती. वर्षभरात तिला भोपळी म्हणायचं पोरं विसरली, कारण आपल्या गटात तीच हवी म्हणून भांडणं व्हायला लागली. ती सुनीता आता डहाणूला नर्सिंग शिकते. बारीक झाली नाही. काटक झाली.

हे सगळं मी बघत होते, वर्षानुवर्षं, दोन हातांवरून. आणि कोणीतरी तिच्यासाठी एकदाच एक गोणपाट लावायला हवं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

निवृत्तीनंतर मी डहाणूच्या किनाऱ्यावर तिला फिरायला नेई. तोवर मीही चांगली भरले होते. माझी नात मला 'गादी' म्हणते आणि माझ्यावरच झोपते. कुमुद दहा पावलं चालून थांबायला लागली. "सूर्य बघूया ग जरा," म्हणायची. सकाळी सात वाजता, पश्चिमेच्या समुद्राकडे तोंड करून. तिचे पाय संध्याकाळी सुजत. मी मागे लागले, दवाखान्यात चल. "जवा दे." पुन्हा म्हटलं. "जवा दे, उगाच नको." शेवटी एके दिवशी रिक्षात घालून नेलंच. दवाखान्यात आत शिरताच दाराशी काटा ठेवलेला. बाकावर बसलेली दहा माणसं समोर. टेबलाशी बसलेली मुलगी नाव लिहिता लिहिता म्हणाली, "आजी, तेवढं वजन करून घ्या आधी."

कुमुद काट्याकडे बघत राहिली. मग पर्स चाचपली आणि म्हणाली, "शालू, माझा चष्मा घरी राहिला." आणि बाहेर पडली. चष्मा तिच्या गळ्यात साखळीला लोंबत होता.

मी रिक्षात तिला काय काय बोलले. भित्री म्हटलं, हट्टी म्हटलं, पोरांना शहाणपण शिकवतेस आणि स्वतः अशी, म्हटलं. ती ऐकत होती. घराशी उतरताना म्हणाली, "उद्या येताना थोडी नागली घेऊन ये, संपलीय." बस, एवढंच.

गेल्या थंडीत एका सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला, कुमुदताईंना श्वास घेता येत नाही. वापीला नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी मुलीला सांगितलं, हृदय बरीच वर्षं थकत आलं होतं, आधी दाखवलं असतं तर औषधांवर आणखी पुष्कळ वर्षं निघाली असती. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, आई कधी बोललीच नाही." मी मान हलवली. माझ्याकडे उत्तर होतं आणि ते देण्याची हिंमत नव्हती. आज लिहिते आहे ते त्या हिमतीच्या बदल्यात.

पण राहून राहून आठवतो तो वापीच्या दवाखान्यातला पहिला दिवस. मुलगी सुरतेहून अजून पोचायची होती. कुमुदच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, शेजारच्या खाटांभोवती पाहुण्यांची गर्दी, कोणी संत्रं सोलतंय, कोणी फोनवर बोलतंय. नर्स तरुण होती, घाईत होती. खाटेच्या टोकाशी उभी राहून तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आजींचं वजन किती? औषध त्यावर ठरवायचंय. उभं करता येणार नाही यांना, अंदाजे सांगा. शेवटचं कधी केलं होतं?"

संत्रं सोलणारे हात थांबले. दोन-तीन माना वळल्या.

शेवटचं कधी केलं होतं. मी मनात मागे मागे जाऊ लागले. दवाखान्यातून चष्म्याचं निमित्त काढून ती परतली होती. त्याआधी शाळेत गोणपाटामागे ती काट्याच्या शेजारी उभी असायची, काट्यावर कधीच नाही. त्याच्याही मागे गेले आणि सरळ अंगणात जाऊन पोचले. त्यानंतर ती कुठल्याच काट्यावर चढली नव्हती. तिचा शेवटचा आकडा माझ्यापाशी होता.

कुमुदने डोळे उघडले. एका हाताने मास्क जरासा बाजूला केला, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून मला खाली ओढलं, आणि त्या बारीक आवाजात म्हणाली, "तू सांग, शालू. तुला पाठ आहे. पण आता हळू सांग."