जावईबापूंचा नंबर

आनंदराव रामटेके चौतीस वर्षं जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात नोकरीला होते, आणि त्या चौतीस वर्षांत त्यांनी तिथे नेमकं काय केलं हे त्यांच्या बायकोला आजही ठाऊक नाही. पंचफुलेला एवढंच माहीत की नवरा सकाळी फॅक्टरीच्या बसने जातो, गेटवर खिसे तपासू देतो, आगपेटीची काडीसुद्धा आत नेत नाही आणि संध्याकाळी परत येऊन चहा पितो. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने एकदा विचारलं होतं, "तुमी तथी करता काय?" आनंदराव म्हणाले, "काम." पंचफुला शहाणी बाई. तिने पुन्हा विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर दोघं जवळच्याच शहापूरला, हायवेजवळच्या आपल्या घरात राहायला आले. तिथेही त्यांची ख्याती तीच. कोणाच्या घरात काय शिजतंय, कोणाच्या पोरीला कोण पाहून गेलं, कोणाच्या छातीत कसली गाठ निघाली, अशा पोटात ठेवायच्या गोष्टी लोक आनंदरावांजवळ बोलून मोकळे होत. त्या तिथेच राहत. आता अशा माणसाकडून पोटच्या पोरीचा पत्ता बाहेर फुटला असं कोणी म्हटलं असतं, तर गावाने त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण फुटला. तो कसा फुटला तेच सांगायचं आहे.

कारखान्यात मोबाइल नेता येत नसे, त्यामुळे आनंदरावांना त्याची सवयच लागली नाही. निवृत्तीनंतरही त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन. "खिशात चोवीस तास दुसऱ्याचा कान घेऊन फिरायचं कायले?" असं ते म्हणत. लोक हसत. पण म्हातारा चुकीचं बोलत नव्हता.

गाडी त्यांनी २०२२ साली घेतली. पांढरी, चार दारांची, मधोमध टीव्हीएवढा पडदा असलेली. एकुलती एक मुलगी मनाली हिचं आदल्या वर्षी लग्न झालं होतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली, म्हणजे १९९९ मध्ये, जन्मलेली ही पोर; नागपूरच्या प्रफुल्लला दिली. प्रफुल्ल प्लॉट विकण्याच्या धंद्यात, बोलायला गोड, वाकून पाया पडणारा. गाडी आणायला सगळे शोरूमला गेले. नारळबिरळ काही नाही. पंचफुलेने गाडीसमोर हात जोडून त्रिशरण म्हटलं आणि हार घातला. गाडी आनंदरावांच्या नावावर, पैसा आनंदरावांचा, पण किल्ली आधी जावयाच्या हातात. आपल्याकडे जावयाचा मान म्हणजे मान, तिथे कोणी हिशेब करत नाही.

शोरूमची मुलगी म्हणाली, "काका, ही कनेक्टेड गाडी आहे. ॲप चालू करायला स्मार्टफोनवाला नंबर सांगा."

"आपल्याले ते जमत नाही," आनंदराव म्हणाले. "आमचे जावईबापू हायेत ना. त्यायचा घ्या."

प्रफुल्ल हसला, पुढे आला, फोनवर आलेला ओटीपी त्याने वाचून दाखवला. मग मुलीने एक टॅबलेट आनंदरावांपुढे धरला. त्यात बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. कारखान्यात साध्या चिठ्ठीवर सही करताना तीनदा वाचणारा माणूस! पण शेजारी जावई उभा असताना चष्मा लावून वाचत बसणं बरं दिसत नाही. त्यांनी बोट टेकवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला.

पुढच्या दोन वर्षांत गोड बोलणाऱ्या प्रफुल्लचं दुसरं तोंड हळूहळू दिसू लागलं. मनालीचा फोन तो रोज संध्याकाळी तपासायचा. भाजीला गेली तर किती मिनिटं लागली, कोण भेटलं, हसून काहून बोलली. मग हात उचलणं सुरू झालं. ती दोनदा माहेरी आली आणि दोन्ही वेळा प्रफुल्ल चार वडीलधारी माणसं आणि पेढ्यांचा पुडा घेऊन तिला परत न्यायला आला. दोन्ही वेळा आनंदरावांनीच तिला समजावून पाठवलं. हे त्यांच्या मनाला अजून खातं, आणि खायलाच पाहिजे.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिचा उजवा खांदा निखळलेला होता. ती निघण्याआधी प्रफुल्ल तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला होता, "आता गेलीस तर शोधून काढीन, आणि मग परत आणणार नाही." ती हे सांगताना रडली नाही, म्हणून आनंदराव जास्त घाबरले. पोलिसांत तक्रार दिली, कोर्टाची तारीख दोन महिन्यांनी होती. तोवर पोरीला लपवायचं ठरलं. पंचफुलेची लांबची बहीण ललिताबाई, निवृत्त नर्स, एकटी बाई, लाखांदूरच्या अंगाला एका लहान गावात राहत होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. मनालीने जुनं सिमकार्ड मोडून फेकलं आणि तिथे जाऊन राहिली. ही गोष्ट माहीत असलेली माणसं मोजून चार.

दर रविवारी आनंदराव गाडी काढून तिला भेटायला जात. कारखान्यातला माणूस, काळजी किती घ्यायचा! शेजारच्या कृष्णरावांना सांगायचं, पवनीकडे शेती पाहून राहिलो. एका रविवारी एका रस्त्याने, दुसऱ्या रविवारी दुसऱ्या. मध्येच कुठे गाडी थांबवून मागे कोणी येतंय का ते पाहायचं. गाडी ललिताबाईच्या दारात नाही, शाळेमागच्या आंब्याखाली उभी करायची. मनाली त्यांच्या ताटात भाकर वाढायची, गावातल्या मुलींना शिवण शिकवते म्हणून सांगायची. पाचव्या रविवारी ती कुठल्याशा गोष्टीवर खळखळून हसली. परत येताना आनंदराव गाडी चालवता चालवता रडले, आणि घरी येऊन ते पंचफुलेला सांगितलंही.

त्याच आठवड्यात प्रफुल्लचा फोन आला. मनालीचं नावही नाही, भांडण नाही.

"बाबा, तब्येत बरी आहे ना? गाडीच्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. भरून घ्या."

आनंदराव अंगणात गेले. बोटाने दाबून पाहिलं. हवा खरंच कमी होती. हा नागपुरात, चाक शहापुरात. त्यांना वाटलं, हा गावात येऊन गेला असेल, आपल्याला दिसला नसेल. त्या दिवसापासून ते हायवेवरून वळणारी प्रत्येक मोटारसायकल न्याहाळू लागले.

मग एका भर दुपारी पंचफुला अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. गाडी बंद, किल्ली घरात खुंटीला. अचानक गाडीचे दिवे लागले आणि भोंगा दोनदा वाजला. पंचफुलेच्या हातून सूप पडलं. कृष्णराव कुंपणावरून म्हणाले, "वायर कुरतडली असन उंदरानं. दाखवून घ्या बाप्पा." आनंदरावांनी बोनेट उघडून पाहिलं. उंदीर नव्हता, आणि वायरही कुरतडलेली नव्हती.

चारच दिवसांनी पुन्हा फोन. "लाखांदूरकडचे रस्ते लई खराब आहेत ना बाबा? या वयात एवढं नका फिरू."

लाखांदूर हा शब्द आनंदरावांच्या तोंडून घराबाहेर कधी गेला नव्हता. मग कोणी सांगितलं? माहीत असणारे चौघंच. मनाली स्वतः सांगणार नाही. ललिताबाई तर लोखंडाची. उरली ती एकच.

"तू कोणापाशी बोलली?" त्यांनी पंचफुलेला विचारलं. आवाज वाढवून विचारलं.

"मी?" ती म्हणाली. "माह्या पोरीचं मीच सांगन? चाळीस वर्सं झाली, तुमी काय करता ते नाही विचारलं म्या. आन् तुमी मले हे विचारता?"

ती आत गेली. तीन दिवस ताट पुढे सरकवण्यापलीकडे तिने नवऱ्याशी संबंध ठेवला नाही. आनंदरावांनाही शरम वाटत होती, पण संशय एकदा घरात शिरला की माणूस त्याला पाट टाकतोच.

शनिवारी सकाळी तिसरा फोन आला, आणि तो सगळ्यात मऊ आवाजातला होता. "बाबा, उद्या तुम्ही नका जाऊ. दर रविवारी सकाळी निघता, चार-चार तास त्या शाळेमागं गाडी उभी ठेवता, थकत असाल. उद्या मीच जाऊन येतो."

आनंदराव खाटेवर बसले. नेमका तेव्हा पुतण्या संघपाल आला. वरठीच्या स्टील प्लांटमध्ये कामाला असणारा हा तिशीचा पोरगा रात्रपाळी करून मोटारसायकलने घरी जाताना काकांकडे चहाला थांबत असे. आनंदरावांचा चेहरा पाहून त्याने खोदून विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आनंदरावांनी सगळं ओकून टाकलं. शाळेमागचा आंबासुद्धा.

संघपाल एकदम उठला. "मोठेबा, गाडीची चाबी द्या."

त्याने गाडीत बसून पडदा चालू केला, दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि म्हणाला, "इकडं या. वाचा." पडद्यावर गाडीच्या मुख्य वापरकर्त्याचं नाव होतं: प्रफुल्ल.

"गाडी माह्या नावावर हाय," आनंदराव म्हणाले.

"गाडी तुमच्या नावावर हाय. ॲप त्याच्या. गाडी कुठी हाय, कवा निघाली, कितीक वेळ उभी होती, चाकात हवा किती, सगळं त्याच्या मोबाइलवर जाऊन राहिलं. घरी बसून भोंगाबी वाजवता येते त्याले. दोन वर्सं झाली मोठेबा. तुमी जिथी गेले, तिथी तो आलाच तुमच्या संगं."

आनंदरावांना शोरूममधल्या टाळ्या आठवल्या. ज्या माणसाने कानाला भिऊन फोन घेतला नाही, त्यानेच तो कान स्वतःच्या हाताने गाडीत बसवून घेतला होता, आणि वर जावयाला मान दिला म्हणून छाती फुगवली होती.

संघपालने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बाई गोड होती. नंबर बदलता येईल म्हणाली, जुन्या नंबरवर ओटीपी जाईल तो सांगा. जुना नंबर ज्याचा, त्याच्यापासूनच वाचायचं आहे, असं संघपालने दोनदा समजावलं. मग मालकाने गाडीचे कागद घेऊन शोरूमला यावं, सात दिवस लागतील, असं ती म्हणाली. आतापर्यंतचे रविवार पुसता येतील का, असं विचारल्यावर तिने आणखी काही मदत हवी का ते विचारलं.

आनंदराव आत गेले. पंचफुला चुलीशी होती. ते तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "तू नाही सांगतलं. म्या सांगतलं." तिने काय समजायचं ते समजलं. "मंग बसून काहून राहिले?" ती ओरडली. "जा ना!"

गाडी मुद्दाम दारात तशीच ठेवली, म्हणजे तिकडे पाहणाऱ्याला म्हातारा घरीच आहे असं वाटेल. बटणांचा फोनही घरी ठेवला. संघपालच्या मोटारसायकलवर मागे बसून ते निघाले. थंडीचे दिवस, दोन्हीकडे धान कापलेल्या शेताच्या बांधीत लाखोरीचं कडधान्य हिरवंगार उभं. मागून येणारी प्रत्येक चारचाकी त्यांना प्रफुल्लची वाटत होती. तो उद्या येतो म्हणाला होता. पण त्याच्या शब्दावर विसंबायचे दिवस संपले होते.

मनाली ललिताबाईच्या ओसरीवर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. बाप मोटारसायकलवरून उतरला, गाडी नाही, दिवस रविवार नाही. तिच्या मांडीवरची टोपली कलंडली.

"त्याले माहीत झालं?"

"हो."

"कोणं सांगतलं?"

संघपाल काहीतरी बोलणार होता, पण आनंदरावांनी त्याला हाताने थांबवलं. "म्या," ते म्हणाले. "दर रविवारी येऊन सांगत होतो, पोरी." आणि मग गाडीचं, पडद्याचं, जावईबापूंच्या नंबरचं सगळं सांगितलं.

मनाली उठली. आत जाऊन तिने पिशवी भरली. ललिताबाई दारात पदर खोचून म्हणाली, "येऊ दे उद्या त्याले. हजार बाळंतपणं केली म्या, एका जावयाले भेत नाही. आन् येथी पोलीस पाटीलबी बसून राहीन माह्या ओसरीवर."

चौकापर्यंत तिघं चालत गेले. तिथून चार दिशांना एसटी जातात. आनंदरावांनी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मनाली म्हणाली, "बाबा, मी कुठी जातो ते तुमाले सांगत नाही. आईलेबी नाही. कोर्टाच्या तारखेले येतो, सरळ तिथीच."

चौतीस वर्षं सरकारने ज्याच्यावर भरवसा ठेवला, त्याच्यावर आज लेकीला ठेवता येत नव्हता. ती बरोबर होती. हेच त्यांना फार लागलं.

"नोको सांगू," ते म्हणाले. "चांगलं करून राहिली." त्यांनी तिच्या दुखऱ्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, लगेच काढला आणि संघपालला दंडाला धरून ओढत शाळेमागे घेऊन गेले. रस्ता दिसणार नाही असे उभे राहिले. संघपाल मान वळवायला लागला तर त्याला दटावलं. एक एसटी आली, गेली. दुसरी आली, गेली. उलट्या बाजूने आणखी एक. ते तासभर तसेच उभे होते.

परत आले तेव्हा चौकात कोणी नव्हतं. पानठेलेवाला भला माणूस, म्हाताऱ्याचे डोळे पाहून त्याला कळवळा आला. "काळजी नोका करू काका," तो म्हणाला, "बसाले जागा भेटली पोरीले. ते त्या..."

"सांगू नोका!" आनंदराव एवढ्यांदा ओरडले की बिचारा पानाला चुना लावता लावता थांबला.