नाव बरोबर घ्या

आमच्या नेवाशात एक विशीतला पोरगा होता. पाखराचं नाव कोणी चुकीचं घेतलं की त्याला सोसत नसे. मी घार म्हणालो, तर सायकलवरून उतरून म्हणायचा, "काका, नाव बरोबर घ्या. शिक्रा हाय त्यो."

आमच्या दादांच्या दहाव्याला प्रवरेकाठी पिंडाला कावळा शिवेना. दुपारी एकदाचा शिवला, बायकांनी डोळे पुसले, आणि हा मागून म्हणाला, "डोमकावळा हाय." मला त्याला नदीत ढकलावंसं वाटलं.

दुष्काळाच्या साली त्यानेच मला माळावर माळढोक दाखवला. वाळल्या गवतात ताठ मानेनं उभा, पांढराशुभ्र गळा. तेवढ्यात बंदूकवाल्यांची जीप येऊन थांबली.

"काय रे, माळढोक ना तो?"

पोरानं तिकडे मान वळवलीसुद्धा नाही. "गिधाड हाय सायेब. मेलेल्या बैलावर आलंय."

एक जण थुंकला, आणि जीप धुरळा उडवत निघून गेली.

मी म्हणालो, "आता कुठं गेलं तुझं बरोबर नाव?"

"बरोबरच घेतलं की, काका," तो म्हणाला. "फकस्त जीपमधल्यांचं घेतलं."