कानसेनांचा दोरा

कारखान्यात त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे 'कानसेन' म्हणत. गाण्याशी त्यांचा संबंध विचाराल, तर ते आंघोळीला गुणगुणू लागले की सून स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडायची, एवढाच. कान मात्र लाखात एक.

शर्यतीच्या गाड्यांसाठी इथे पोकळ दांडीचे व्हॉल्व्ह होत. इंजिन जितकं जोरात फिरणार, तितकी व्हॉल्व्हची उघडझाप भराभर, म्हणून तो हलका हवा. त्यासाठी दांडी आतून पोखरायची आणि टोक वेल्ड करून बंद करायची. त्या जोडाला केसाएवढी चीर राहिली, तर भर वेगात व्हॉल्व्ह तुटणार, इंजिनाचा चुरा होणार आणि चालवणारा देवाच्या भरवशावर. यंत्रं तपासत, पण शेवटचा शब्द कानसेनांचा. व्हॉल्व्ह दोऱ्याला टांगायचा, पितळी कांडीनं हलकेच टिचकी द्यायची. चांगल्याचा नाद लांबतो. चिरलेला 'ठक्' करून गप्प बसतो.

चहाच्या सुट्टीतही त्यांची सुटका नव्हती. कुणीतरी कप पुढे करायचं, "कानसेन, बघा हो, स्थळ कसं आहे!" ते चमच्यानं वाजवून निकाल द्यायचे.

त्या दिवशी वेल्डरनं मुद्दाम तडकलेला कप दिला. कानसेनांनी वाजवला, मान डोलावली. "बेलाशक उरकून टाका लग्न." चहा ओतला आणि तो त्यांच्या पँटवर पाझरला. सगळे खो खो हसले. तेही हसले, आणि मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी बायको कधीची म्हणत होती, "अहो, हाका मारून घसा बसला माझा," आणि हे गृहस्थ उलट तिच्यावरच डाफरत होते, की तूच पुटपुटतेस. जगाच्या चिरा शोधणाऱ्याला आपली तेवढी सापडली नव्हती.

सकाळी पास केलेला माल पॅकिंगला गेला होता. गप्प बसावं, तर कुणाच्या तरी लेकराचा जीव. सांगावं, तर उभ्या आयुष्याची कमाई असलेलं ते नाव पाण्यात. एवढाही विचार करावा लागला, याचीच त्यांना लाज वाटली. ओल्या पँटनिशी ते उठले.

पॅकिंगला त्यांची सूनच होती.

"खोकी उघड. सगळे परत वाजवायचे."

"का हो, बाबा?"

"मला ऐकू येत नाही गं!" हे ते ओरडूनच म्हणाले, हल्ली सगळंच ओरडून म्हणत. यंत्रांवरची माणसं वळून बघू लागली.

सुनेनं एप्रनच्या खिशातून एक व्हॉल्व्ह काढला. "हा मी बाजूला ठेवलाय. बाकीचे ठीक आहेत. बरेच दिवस झाले, तुमच्यामागून मी वाजवून बघते."

कानसेन संतापले. "आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, 'हो हो, ठेव चहा.' पुन्हा धीर नाही झाला."

हसावं की रडावं, त्यांना कळेना. त्यांनी तो व्हॉल्व्ह दोऱ्याला टांगला, टिचकी दिली. हल्ली त्यांच्या कानात सतत काहीतरी घुमत असायचं, त्यात याचाही नाद चांगल्यासारखाच लांबल्यासारखा वाटला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिनं हळूच नकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"मालकांना मी सांगतो. घरी गेल्यावर तुझ्या सासूचीही माफी मागतो," ते म्हणाले आणि दोरा सोडवून तिच्या बोटात अडकवला. "तोवर खोक्यांतले सगळे माझ्यासमोर वाजव."

तिनं पहिला व्हॉल्व्ह टांगला. कांडीनं टिचकी दिली. कानसेन तिच्या चेहऱ्याकडे एकटक बघत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं मान डोलावली, तेव्हा त्यांनी पुढचा व्हॉल्व्ह उचलून तिच्या हातात दिला.