बर्नडीनने मागितलेला रस्ता

बर्नडीन सबोलला चार शब्द बोलायला सांगा, ती चाळीस बोलायची आणि ते पटवूनही द्यायची. रिजमिलच्या चर्चमध्ये शुक्रवारी माशांचं जेवण असे. तिथे तळणीचं तेल कधी बदलायचं यावरून तिने एकदा फादरांनाच गप्प बसवलं होतं. ओहायोतल्या या उपनगरात तिची पंचेचाळीस वर्षं गेली, आणि एवढ्या काळात आपल्या जिभेवर तिचा फार भरवसा बसला. त्या भरवशानेच तिचं वाटोळं केलं.

तिचा नवरा एमिल पोस्टमन होता. एकतीस वर्षं त्याने पायी टपाल वाटलं. निवृत्तीनंतर सहा वर्षांत त्याचं डोकं रिकामं व्हायला लागलं. आधी किल्ल्या हरवल्या, मग वार, मग मुलीचं नाव. पाय मात्र शाबूत राहिले. रोज दोन-तीन मैल चालला नाही, तर घरातल्या घरात येरझारा घालायचा आणि दिवेलागणीला लहान पोरासारखा रडायचा. मुलगी पॉला कोलंबसहून फोनवर म्हणायची, "मॉम, डॅडला आता कुठेतरी ठेवायला हवं गं." बर्नडीनचं उत्तर ठरलेलं असे. "तो चालतोय तोवर माझ्या घरात राहील." तिला आयुष्याकडून आता एवढं एकच हवं होतं.

चालायला रिजमिल मॉल होता. दुकानं दहाला उघडत, पण चालायला येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मॉलची दारं आठलाच उघडत. बाहेर बर्फ पडो की ऊन तापो, आत हवा तीच. एका टोकाला बंद पडलेलं मोठं कपड्यांचं दुकान, दुसऱ्या टोकाला सुरू असलेलं, आणि मधे एकच गोल वाट. पंधरावीस जण चालायचे, चार फेऱ्या झाल्या की कॉफी. एमिलला त्यात हरवता येत नसे. एका दिशेने सोडला की दहा मिनिटांनी समोरून यायचा. दुकानांची जाळीची शटरं खाली असत, त्यांना ना दार ना पायरी, त्यामुळे तो कुठे थबकतही नसे.

एका सकाळी मेरेडिथ नावाची मुलगी डोनट घेऊन आली. ज्या कंपनीने मॉल विकत घेतला होता तिच्या वतीने ती गोड बोलायची. तिने एक भलंमोठं चित्र उभं केलं. छप्पर काढलेलं, मधून रस्ता, दोन्हीकडे विटांची दुकानं, प्रत्येकाला रंगीत दार, वर भाड्याची घरं, झाडाखाली बाक आणि बाकावर एक म्हातारं जोडपं. नवं नाव 'द कॉमन्स ॲट रिजमिल'.

"हे दोघं कोण?" बर्नडीनने विचारलं.

"तुम्हीच की, मिसेस सबोल," मेरेडिथ म्हणाली. "तुमच्याशिवाय ही जागा आम्हाला कल्पनेतही दिसत नाही."

बर्नडीन हुरळली. तिच्या मागून आयरीन म्हणाली, "अगं, चित्रात बर्फ कुठाय? जानेवारीत तुला उचलून न्यायला हीच येणार का?" आयरीन कोसिक तिच्याबरोबर चौदा वर्षं चालत होती आणि चौदाही वर्षं तिचं बोलणं खोडून काढत होती. बर्नडीनने मान वळवली नाही. "तुला मेलीला बंद दुकानांची सवय झालीये," एवढंच ती म्हणाली.

टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या पंचायतीच्या, सुनावणीत ज्याला बोलायचं असेल त्याला माइकपुढे तीन मिनिटं मिळतात. आयरीनने तीन मिनिटं छपरासाठी भांडण केलं आणि शेवटी तिला खोकल्याची उबळ आली. मग बर्नडीन उठली. तिने हात धरून एमिललाही उभं केलं.

"या माणसाने तुमच्या घरी एकतीस वर्षं पत्रं आणली," ती म्हणाली. "आता तो रोज एका डब्यात गोल गोल फिरतो, बंद जाळ्यांसमोरून. याला पुन्हा एक रस्ता द्या. दारं असलेला, माणसं राहत असलेला खराखुरा रस्ता द्या."

सभागृहात लोकांनी डोळे पुसले. एमिलने कुणाला तरी हात हलवला. तीन विरुद्ध दोन मतांनी ठराव मंजूर झाला. बाहेर मेरेडिथने तिला मिठी मारली, आणि बर्नडीन घरी जाईपर्यंत आपलंच भाषण पुन्हा पुन्हा घोळवत राहिली.

दोन हिवाळे तोडफोड आणि बांधकाम चाललं. तेवढा काळ ती एमिलला किराण्याच्या मोठ्या दुकानातून ढकलगाडी देऊन फिरवत होती. मे महिन्यात कॉमन्स उघडलं, आणि पहिल्याच सकाळी एक चमत्कार झाला. लाल विटांच्या फरशीवर पाय ठेवताच एमिलची पाठ ताठ झाली. डावा खांदा जरासा झुकला, पिशवी असायची त्या बाजूचा. तो पहिल्या निळ्या दारापाशी गेला, टपाल टाकायच्या झाकणाच्या फटीत बोट घालून पाहिलं, मान हलवली, पुढच्या दाराकडे गेला. एका बाईला "गुड मॉर्निंग, मॅम" म्हणाला. गेल्या दोन वर्षांत त्याने एवढं सलग वाक्य उच्चारलं नव्हतं.

बर्नडीनने तिथेच आयरीनला फोन लावला. "बघ, माझा एमिल परत आला," ती म्हणाली, आणि खरोखर रडली. तो आठवडाभर हॉटेलांची पत्रकं उचलून दारोदार टाकत होता, ती मागून हसत चालत होती. तिला थांबवायचं सुचलंच नाही. सुचलं असतं तरी तिने थांबवलं नसतं.

दुसऱ्या आठवड्यात त्याला पार्सलं सापडली. वरच्या भाडेकरूंची खोकी जिन्याखाली पडलेली असत. पडलेलं टपाल पोस्टमनला कसं बघवेल? तो उचलायचा आणि मिळेल त्या दारात नीट ठेवायचा. कुणाचे बूट मेणबत्तीच्या दुकानात गेले, कुणाची औषधं न्हाव्याकडे. एका भाडेकरूने त्याचा व्हिडिओ काढून परिसराच्या ॲपवर टाकला. खाली लोकांनी लिहिलं, 'म्हातारा चोर आहे, पण चालतो काय ऐटीत!' ज्यांनी सभागृहात डोळे पुसले होते, त्यांतल्या दोघांनी त्यावर हसरे चेहरे लावले.

सुरक्षारक्षकाने दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा पोलिसाला बोलावून एमिलच्या हातात कागद ठेवला. एक वर्ष आवारात पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर अटक. एमिलने कागदाची घडी घालून तो शेजारच्या दाराच्या फटीत टाकला.

बर्नडीन मेरेडिथच्या ऑफिसात गेली. भिंतीवर तेच चित्र होतं, तोच बाक.

"त्याला रस्त्यावर चालायला बंदी कशी करता तुम्ही?" तिने विचारलं.

"मिसेस सबोल, हा रस्ता नाहीये," मेरेडिथ म्हणाली. आवाज डोनटच्या दिवसाइतकाच गोड होता. "नुसता दिसतो तसा. ही खाजगी जागा आहे. तुम्ही स्वतः यायला काहीच हरकत नाही हं. तुम्ही जरूर या."

जन्मात पहिल्यांदा बर्नडीनला शब्द सापडले नाहीत. गाडीकडे जाताना आयरीन भेटली, आणि तिला मात्र सापडले. "आमचं छप्पर तू तीन मिनिटांत घालवलंस," ती म्हणाली. "नवरा घालवायला जरा जास्त वेळ लागेल, एवढंच."

पण एमिलला आता कोण थांबवणार? त्याला त्याची नोकरी परत मिळाली होती. बर्नडीन आंघोळीला गेली की तो कुलूप काढून बाहेर. ऑगस्टमधल्या एका दुपारी तो महामार्गाला लागणाऱ्या वळणावर सापडला, हातात वीजबिलांचा गठ्ठा, ट्रक त्याला हॉर्न मारून वळसे घालत होते. पॉला त्याच संध्याकाळी कोलंबसहून आली. या खेपेला तिने विचारलं नाही, नुसती बॅग भरली. बर्नडीनने मोजे घडी करून दिले.

पॉलाने त्याला ज्या संस्थेत ठेवलं, तिथे स्मृती गेलेल्यांसाठी एक लांबलचक गोलाकार वऱ्हांडा आहे, आणि तो रस्त्यासारखा रंगवला आहे. भिंतीवर विटा, दुकानं, दारं. दारं रंगवलेली, त्यामुळे उघडत नाहीत. टपालपेट्या तेवढ्या खऱ्या. रोज नाश्त्यानंतर मदतनीस एमिलला जुन्या जाहिरातींची पिशवी देतात आणि तो वाटत निघतो. जेवणाच्या वेळी त्या पेट्या रिकाम्या करतात. लुसील नावाची एक म्हातारी त्याच्या दंडाला धरून बरोबर चालते. तो खातो, झोपतो, रडत नाही.

रडायचा तो फक्त बर्नडीन आली की. पॉलाचं नाव गेलं होतं, पण ही बाई घरची आहे एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तिला पाहिलं की पिशवी खाली ठेवून तो बाहेरच्या दाराशी जाऊन उभा राहायचा, कोट मागायचा. ती गेल्यावरही तास दोन तास तिथून हलायचा नाही, एकदा तर तिथेच त्याला लघवी झाली.

"तुम्ही आलात की त्यांचं चालणं बंद होतं," मदतनीस म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. "इतर कुणाला ते ओळखतच नाहीत, म्हणून इतर कुणाचा त्रास होत नाही. तुम्ही समोर न आलात तर बरं होईल."

बर्नडीनने वाद घातला नाही. आता ती मंगळवारी जाते आणि ऑफिसच्या काचेआड कोट न काढता उभी राहते. एमिल लुसीलला घेऊन समोरून जातो, दहा मिनिटांनी पुन्हा जातो. त्याने मान या बाजूला वळवली, की ती पटकन मागे सरकते.